गांवचें गायरान, गांवचा तलाव आणि गांवचीं ढोरें

पश्चिम अमेरिकेंत 'रँच' या नांवाची एक प्रकारची शेती असते. तींत नांगर नाहीं, पेरणी नाहीं. विस्तीर्ण कुरण, त्यांत पाण्याचे साठे, सभोंवार तारेचें कुंपण आणि आंत एकाच मालकाचीं शेंकडों गुरें, एवढाच तिचा पसारा. तिचा जाणता मालक दरवर्षीं तीन मापें घेतो: गवत किती आहे, पाणी किती आहे आणि जनावरें किती आहेत. हीं मापें एकमेकांशीं जुळलीं नाहींत तर तो कांहीं जनावरें विकतो, परंतु कुरण खरवडूं देत नाहीं. कारण कुरण गेलें कीं धंदा गेला, हें तो पक्कें जाणतो.

आपल्या गोंदिया जिल्ह्यांत अशी शेती आहे काय, असा प्रश्न कोणी केल्यास बहुतेक वाचक 'नाहीं' म्हणतील. आमच्या मतें हें उत्तर बरोबर नाहीं. ज्या गांवाला गायरान आहे, झुडपी जंगल आहे, तलाव आहे, आणि ज्याच्या आखरावर रोज सकाळीं ढोरें जमतात, तें प्रत्येक गांव म्हणजे एक रँचच होय. भेद इतकाच कीं तिचा मालक एक नसून शें-दोनशें आहेत, आणि त्यांपैकीं कोणीहि तीं तीन मापें घेत नाहीं. ज्या मालमत्तेवर आपला बैल, आपलें दूध व आपलें शेणखत अवलंबून आहे, तिचा हिशेब आपण ठेवीत नाहीं, हें थोडें नवल नव्हे.

प्रस्तुत लेखांत या सामायिक कुरणाची पूर्वींची व्यवस्था काय होती, त्यावरील आपला हक्क कोणत्या कागदांत आहे, गवत व पाणी यांचा हिशेब कसा करावा, आणि वाघ-बिबट्याच्या शेजारीं ढोरें कशीं राखावीं, याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

पूर्वींची व्यवस्था

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून निराळा झाला. परंतु येथील गांवांची घडण त्याहून पुष्कळ जुनी आहे. वर्षाकाठीं १,३०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तोहि बहुतेक चार महिन्यांत पडून जातो, आणि मुख्य पीक धानाचें. तेव्हां पाणी अडविल्यावांचून गति नाहीं, हें येथील लोकांनीं फार पूर्वींच ओळखलें. गोंड राजांच्या अमलापासून कोहळी समाजानें टेकड्यांच्या कुशींत मातीच्या पाळी घालून तलाव बांधले. अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील नवेगांवबांध हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं तो बांधिला, असें परंपरा सांगते. पुढें इंग्रजी अमलांत मालगुजारी आली व हे तलाव मालगुजारी तलाव, संक्षेपानें 'मामा तलाव', म्हणून ओळखले जाऊं लागले. पूर्व विदर्भांत असे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत.

गांवाची रचनाहि या तलावास धरूनच असे. वरच्या अंगास जंगल, मध्यें पडीक कुरण व तलाव, आणि खालच्या अंगास धानाच्या बांध्या. जंगलानें व कुरणानें माती धरून ठेवावी, तलावानें बांध्या भिजवाव्या, बांध्यांनीं तणस द्यावें, तणसावर व कुरणावर ढोरें जगावीं, आणि ढोरांनीं बैल व शेणखत देऊन पुन्हां बांध्या पिकवाव्या, असें हें रहाट होतें. यांतील एक गाडगें फुटलें तरी बाकीच्यांस पाणी कमी पडे.

ढोरें राखण्याचें काम गायकीकडे असे. तो बहुधा गोवारी समाजाचा. सकाळीं आखरावर ढोरें गोळा करून रानांत न्यावीं, दुपारीं तलावावर पाणी पाजून सावलींत बसवावीं, आणि दिवस मावळण्यापूर्वीं घरोघर परत लावावीं, हा त्याचा क्रम. दर जनावरामागें ठरलेलें धान त्याला मिळे. कोणतें रान केव्हां मोकळें व केव्हां बंद, कोणत्या झुडपांत बिबट बसतो, कोणतें गवत कोणत्या नक्षत्रांत खाण्याजोगें होतें, हें ज्ञान त्याच्यापाशीं होतें. दिवाळींत बलिप्रतिपदेस गायगोधनाच्या दिवशीं गांवचीं सर्व ढोरें एके ठिकाणीं जमत, तेव्हां गांवच्या कळपाचें दर्शन सर्वांस होई.

या व्यवस्थेंत जुलूमहि होता. रान मालगुजाराचें असल्यामुळें चराईबद्दल पैसा, बेगार व खुशामत द्यावी लागे. तेव्हां मध्यप्रदेश सरकारनें १९५० सालीं मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला व ३१ मार्च १९५१ पासून तलाव, पडीक जमीन व जंगल सरकारकडे घेतलें, हें योग्यच झालें. परंतु त्याबरोबर एक गोष्ट अशी झाली कीं, जो स्वार्थासाठीं कां होईना, पाळीवर माती टाकून घेत होता व रान बंद ठेवीत होता, तो माणूस गेला, आणि त्याच्या जागीं गांवानें कोणाची नेमणूक केली नाहीं.

हक्क कोणत्या कागदांत आहे

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. त्यांतील एक हकीकत येथें सांगणें अवश्य वाटतें. एका गांवीं गायरानाच्या निम्म्याहून अधिक भागावर हळूहळू कब्जे झाले. प्रथम एका धुऱ्यावरील कांट्यांचें कुंपण चार हात पुढें सरकलें, मग तेथें खळें झालें, मग बांधी पडली. एकाचें पाहून दुसऱ्यानें केलें. गायकीला ढोरें फिरविण्यास जागा उरली नाहीं, तेव्हां तो काम सोडून गेला. आणि गायकी गेल्यावर दोनतीन वर्षांत लोकांनीं आपलीं ढोरें बाजारांत काढलीं. मग गांवकरी तक्रार घेऊन आले. आम्हीं विचारलें कीं, आपल्या निस्तारपत्रकांत हा गट कोणत्या कामासाठीं लिहिला आहे? आलेल्या पंधरावीस मंडळींपैकीं एकानेंहि तें पत्रक कधीं पाहिलें नव्हतें. कब्जेदारांपैकीं दोघे त्याच मंडळींत उभे होते, हेंहि आम्हांस ठाऊक होतें. आणि खरें सांगावयाचें तर दोष आमचाहि होता. कारण तें पत्रक वर्षानुवर्षें रुमालांत बांधून आम्हीं कपाटांत ठेविलें होतें, गांवास एकदांहि वाचून दाखविलें नव्हतें.

म्हणून वाचकांस विनंति कीं त्यांनीं हीं दोन नांवें लक्षांत ठेवावीं. पहिलें निस्तारपत्रक. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १६१ प्रमाणें गांवच्या बिनभोगवट्याच्या जमिनीचा उपयोग कसा करावयाचा याची योजना त्यांत असते. चराईच्या अटी, जळाऊ लांकूड, मुरूम, माती वगैरे बाबी त्यांत येतात. आणि कलम १६३ असें सांगतें कीं पत्रक तयार करितांना शेतीच्या कामास लागणाऱ्या गुरांस शक्य तोंवर फुकट चराईची तरतूद जिल्हाधिकाऱ्यानें करावी. दुसरें वाजिब-उल-अर्ज, कलम १६५. गांवची वहिवाट, म्हणजे पाणी घेण्याचा, ढोरें नेण्याच्या वाटेचा, मासे धरण्याचा रिवाज त्यांत नोंदलेला असतो. हीं दोन्हीं पत्रकें नक्कल मागितल्यास मिळतात. निस्तारपत्रकांत बदल हवा असल्यास पंचायतीच्या विनंतीवरून जिल्हाधिकारी चौकशी करून तो करूं शकतात.

सामायिक जमिनीवरील कब्जांविषयीं सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०११ मध्यें जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणांत स्पष्ट निर्णय दिला आहे. गांवकऱ्यांच्या सामायिक उपयोगाची जमीन बळकावणाऱ्यांस काढून ती गांवास परत देण्याची योजना सर्व राज्यांनीं करावी, आणि कब्जा फार दिवसांचा आहे किंवा त्यावर फार खर्च झाला आहे, हें त्यास कायम करण्याचें कारण होत नाहीं, असें त्यांत सांगितलें आहे. परंतु निर्णय आपोआप गांवांत चालत येत नाहीं. तो आणावयास ग्रामसभेचा ठराव व मोजणीचा नकाशा लागतो.

झुडपी जंगलाची गोष्ट

आपल्या ढोरांची चराई केवळ गायरानावर होत नाहीं; तिचा मोठा भाग झुडपी जंगलांत होतो. हा शब्द नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसुली कागदांत विशेषेंकरून आढळतो. मोठीं झाडें नसलेली, खुरट्या झुडपांची, चराईच्या व निस्ताराच्या कामीं येणारी जी जमीन, तिला हें नांव पडलें. ती शेत नव्हे आणि राखीव जंगलहि नव्हे, अशा मधल्या स्थितींत ती बरींच वर्षें राहिली. १९८० सालीं वनसंवर्धनाचा कायदा झाला आणि १२ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें 'वन' या शब्दाचा व्यापक अर्थ केला, तेव्हांपासून ही जमीन वन कीं महसुली, हा वाद चालला. अखेर २२ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, १९९६ च्या आदेशाप्रमाणें झुडपी जंगल हें वनच समजावें. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वीं सक्षम अधिकाऱ्यांनीं अन्य कामीं दिलेल्या जमिनींविषयीं राज्यानें केंद्राची मंजुरी घेऊन त्या नियमित करून घ्याव्या.

या निकालानंतर गांवोगांवीं दोन समजुती ऐकूं येतात. एक अशी कीं, आतां चराई बंद झाली. दुसरी अशी कीं, कांहींच बदललें नाहीं. दोन्हीं चुकीच्या आहेत. जमीन वन ठरल्यानें ती कोणास तोडून वांटतां येणार नाहीं, ही गोष्ट कुरणाच्या हिताची आहे. परंतु वनांत चराई करावयाची तर तो हक्क वनाच्या कायद्यानें सिद्ध झालेला असला पाहिजे. यासाठीं २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याच्या कलम ३ मध्यें निस्ताराचा हक्क, चराईचा हक्क व तलावांतील मासे वगैरे उत्पन्नाचा हक्क स्पष्ट शब्दांनीं सांगितला असून, सामूहिक वनाचें संरक्षण व व्यवस्था करण्याचा हक्कहि ग्रामसभेस मिळूं शकतो. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे करावयाचा असतो, तेथून तो उपविभागीय व जिल्हा समितीकडे जातो. त्यास पुरावा कोणता? तर वर सांगितलेलीं पत्रकें व जुने नकाशे. ज्या गांवानें हा दावा केला नाहीं, त्याची चराई केवळ कोणीं अडविली नाहीं म्हणून चालली आहे. आणि ज्या दिवशीं कोणी अडवील त्या दिवशीं दाखविण्यास हातांत कागद असणार नाहीं.

गवताचा हिशेब

आतां हक्काचें बाजूस ठेवून मापाकडे वळूं. आपल्या भागांतील गावठी किंवा गवळाऊ वळणाच्या गाईचें वजन सरासरी २५० किलो धरूं. तिला वजनाच्या शेंकडा अडीच या मानानें, म्हणजे रोज सुमारें सव्वासहा किलो कोरडा चारा लागतो. पावसाळ्याच्या १२० दिवसांस हा चारा ७५० किलो होतो. ढोरें तुडवून झालेल्या गायरानावर हेक्टरीं एक टनाहून अधिक वाळलें गवत मिळत नाहीं. आणि त्यांतील निम्में तरी बीं धरण्यास व माती झांकण्यास ठेविलेंच पाहिजे. म्हणजे खाण्याजोगें ५०० किलो. एका गाईस चार महिन्यांसाठीं दीड हेक्टर, असें हें प्रमाण पडलें.

समजा, एका गांवांत ४०० ढोरें व ६० हेक्टर गायरान आहे. ढोरांची चार महिन्यांची गरज ३०० टन. गायरानाची खरी शक्ति ३० टन. उरलेले २७० टन कोठून येतात? कांहीं धुऱ्यांवरून, कांहीं जंगलांतून, आणि बाकीचे गायरानाच्या भांडवलांतून, म्हणजे जें निम्में गवत ठेवावयास पाहिजे होतें त्यांतून. अशा गायरानांत प्रथम मारवेल व पवन्या हीं चांगलीं गवतें नाहींशीं होतात. त्यांच्या जागीं कुसळी येते. ती कोंवळेपणीं ढोरें खातात, पण पुढें तिचीं कुसळें तोंडांत टोंचतात. नंतर तरोटा, रानतुळस व घाणेरी येते, आणि हीं ढोरें तोंडांत धरीत नाहींत. लांबून रान हिरवें दिसतें व आंत ढोर उपाशी असतें.

उपाय नवा नाहीं. गायकीला ठाऊक असलेलाच आहे. गायरानाचे चार भाग पाडावे व दरवर्षीं आळीपाळीनें एक भाग मृगापासून कार्तिकापर्यंत पूर्ण बंद ठेवावा. बीं गळून पडल्यावर त्यांतील गवत विळ्यानें कापून न्यावें. उरलेल्या भागांतहि पहिल्या पावसाबरोबर ढोरें सोडूं नयेत. गवत वीतभर होईपर्यंत त्यांस कोठ्यांतच तणस घालावें. कोंवळा अंकुर एकदां ओरबाडला कीं त्या वर्षीं मूळ धरीत नाहीं. उन्हाळ्यांत मोहफुलें वेंचण्यासाठीं झाडाखालीं आग लावण्याची चाल आहे, ती आग रानांत पसरून वाळलेला चारा व बीं दोन्हीं जाळते. ती चाल सोडावी, झाडाखालची जागा झाडून घ्यावी किंवा खालीं कापड अंथरावें. अशा रीतीनें राखलेलें गायरान कांहीं वर्षांत हेक्टरीं तीन टनांपर्यंत येऊं शकतें. मग वरील ६० हेक्टरांची शक्ति ३० टनांवरून ९० टनांवर जाते. तरीहि गरज पुरी होत नाहीं, हें आम्ही लपवीत नाहीं. बाकीची भर तणसानें, धुऱ्यावरील वैरणीनें व संख्येच्या आटोपानें करावी लागेल.

तणसाविषयीं दोन शब्द. कापणी यंत्रानें होऊं लागल्यापासून तणस शेतांतच तुटून पडतें व पुष्कळ ठिकाणीं जाळलें जातें. धानाच्या दाण्याइतकें तरी वजन तणसाचें असतें. तें जाळणें म्हणजे गायरानाचा भार वाढविणें होय. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यांत पूर्ण विरघळवून शिंपडावा, ढीग दाबून एकवीस दिवस हवाबंद झांकावा व मग उघडून वारा देऊन घालावें, म्हणजे त्याचें पोषण वाढतें. सहा महिन्यांखालील वासरांस मात्र हें देऊं नये, आणि युरियाचें पाणी कोणत्याहि जनावराच्या तोंडास लागूं देऊं नये. तें विष आहे.

संख्येविषयीं बोलणें कोणास रुचत नाहीं. तरी दूध न देणारीं, गाभ न राहणारीं व कामास न येणारीं ढोरें केवळ शेणासाठीं रानांत सोडण्यापेक्षां थोडीं पण चांगलीं ढोरें ठेवणें हेंच हिताचें. वर्धा जिल्ह्यांत हेटीकुंडी येथें शासनाचें गवळाऊ जातीचें पैदासक्षेत्र आहे. चपळ, हलकी व येथील उन्हांत टिकणारी ही जात धानाच्या व डोंगराळ मुलखास साजेशी आहे.

पाण्याचा हिशेब

एका मोठ्या जनावरास ऋतुमानाप्रमाणें रोज तीस ते पन्नास लिटर पाणी लागतें. ४०० ढोरांस सरासरीनें रोज १६,००० लिटर. हें पाणी तलावांतून जातें, पण तलावाच्या पाण्याची वांटणी ठरवितांना ढोरांचा वांटा कोणी धरीत नाहीं. तुडुम शेवटपर्यंत उघडून उन्हाळी धान घेतलें जातें व वैशाखांत ढोरें चिखल चाटतात. तेव्हां तलावांत ढोरांसाठीं व मासळीसाठीं किती पाणी ठेवावयाचें, तें पाळीवर खूण करून ठरवावें आणि त्या खुणेखालीं तुडुम उघडूं नये.

ढोरांचा घाट निराळा असावा व तेथें दगड-मुरूम घालावा. तलावाच्या काठच्या दलदलींत ज्या लहान गोगलगायी असतात, त्यांच्या द्वारें पर्णकृमि ढोरांच्या यकृतांत जातात. पाणी ओसरतांना उघड्या पडलेल्या काठावरचें गवत खाल्ल्यानें हा रोग फार होतो. जनावर खंगतें, जबड्याखालीं सूज येते. म्हणून अशा काठावर चारूं नये, व पावसाळ्यापूर्वीं आणि नंतर पशुवैद्याकडून जंताचें औषध द्यावें.

तलावांत बेशरम नांवाची जी परकी वनस्पति माजली आहे, ती ना ढोर खातें ना मासा. अर्जुनी-मोरगांव भागांत धीवर बंधूंच्या मच्छिमार सहकारी संस्थांनीं कांहीं तलावांतून ती उपटून तेथें स्थानिक पाणवनस्पति लाविल्या आहेत. शेतकऱ्यांनीं या कामीं त्यांस हात द्यावा. तलाव त्यांचा कीं आमचा, या भांडणांत गाळ दोघांच्याहि वांट्यास येतो.

वाघ, बिबट, चितळ आणि सारस

नागझिरा अभयारण्य १९७० सालीं झालें व नवेगांव राष्ट्रीय उद्यान १९७५ सालीं. डिसेंबर २०१३ मध्यें दोहोंसह भोंवतालचीं वनें मिळून नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. येथें वाघांची संख्या थोडी होती, म्हणून मे २०२३ मध्यें ब्रह्मपुरीकडील रानांतून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यांत सोडल्या व एप्रिल २०२४ मध्यें तिसरी सोडली. तेव्हां यापुढें गांवच्या कुरणाच्या शेजारीं वाघ असणार, हें गृहीत धरूनच वागलें पाहिजे.

राष्ट्रीय उद्यानांत गुरें चारण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें बंदी आहे, आणि लस न टोंचलेलें जनावर अभयारण्यांत नेण्यासहि बंदी आहे. अभयारण्याच्या सभोंवार पांच किलोमीटरांच्या आंतील गुरांस लस देण्याची व्यवस्था करणें हें वन्यजीव अधिकाऱ्यांचें कर्तव्य सांगितलें आहे. यांत रानाइतकेंच आपलेंहि हित आहे. लाळखुरकत गुरांकडून गव्यास व चितळास जाते. बुळकांडीनें पूर्वीं गुरें व गवे सारखेच मारले. लशीच्या जोरावर भारत २००६ सालीं त्या रोगापासून मुक्त ठरला, आणि २०११ सालीं तो जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. लस टोंचली तर गांव व रान दोन्हीं वांचतात, याचें याहून मोठें उदाहरण नाहीं.

गायकीच्या जिवाविषयीं विशेष सांगावेंसें वाटतें. वाघाच्या भीतीनें आपण ढोरांची किंमत मोजतों, पण ढोरांमागें जाणाऱ्या माणसाची मोजीत नाहीं. कळपामागें एकटा गायकी पाठवूं नये, दोघे असावे. दिवस उजाडल्यावर निघावें व मावळण्यापूर्वीं परतावें. उंच गवतांत खालीं बसूं नये, बोलत रहावें, वासरें कळपाच्या मध्यें ठेवावीं, व मागें राहिलेलें ढोर शोधण्यास सांजवेळीं एकट्यानें जाऊं नये. त्याला ढोरामागें पूर्वींच्या मापानें धान देऊन भागत नाहीं. गांवानें योग्य मजुरी ठरवावी. नाहीं तर कोणाचाहि मुलगा हें काम पत्करणार नाहीं.

वाघानें किंवा बिबट्यानें जनावर मारल्यास ४८ तासांच्या आंत जवळच्या वन कर्मचाऱ्यास वर्दी द्यावी आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागचें हलवूं नये. नुकसानभरपाईसाठीं राज्यानें २०२३ सालीं स्वतंत्र कायदा केला आहे. रागाच्या भरांत मेलेल्या ढोरावर विष टाकणें हा तर गंभीर गुन्हाच. शिवाय तें विष गांवच्या कुत्र्यांपर्यंत व पाण्यापर्यंत पोंचतें.

आणि सारस. महाराष्ट्रांत हा पक्षी मुख्यत्वें आपल्या जिल्ह्यांत व लगतच्या भंडारा जिल्ह्यांत थोड्या संख्येनें उरला आहे. तो पावसाळ्यांत तलावाच्या काठीं व धानाच्या बांधींत घरटें करितो. ज्या शेतकऱ्यांनीं आपल्या बांधींतील चार हात जागा त्याला सोडून दिली, त्यांच्यामुळेंच तो येथें आहे. घरटें दिसल्यास ढोरांची वाट महिनाभर दुसरीकडून वळवावी. त्यास खर्च कांहीं नाहीं.

परक्या मुलखांतील एक दाखला

आरंभीं रँचचा उल्लेख केला, त्याकडे पुन्हां येऊं. अमेरिकेंत अॅरिझोना व न्यू मेक्सिको या राज्यांच्या सीमेवर १९९४ सालीं रँचवाल्यांनीं स्वतःच मालपाई बॉर्डरलँड्स ग्रुप नांवाची संस्था स्थापिली. जमिनी तुकडे होऊन विकल्या जात होत्या व कुरणांत झुडपें माजत होतीं, हें त्यांचें दुःख होतें. त्यांनीं 'गवतपेढी'ची योजना काढली. ज्याच्या कुरणाला विश्रांति हवी असेल, त्यानें आपलीं गुरें कांहीं काळ दुसऱ्या मोठ्या कुरणांत न्यावीं, आणि त्याच्या बदल्यांत आपली जमीन तुकडे पाडून न विकण्याचा करार लिहून द्यावा. १९९६ सालीं त्यांच्यापैकीं एका रँचवाल्यास डोंगरांत जग्वार, म्हणजे तिकडील बिबट्यासारखा मोठा पशु, दिसला. त्याच्या हातीं बंदूक धरण्याची संवय होती, पण त्यानें त्याचें छायाचित्र घेतलें व त्यास जाऊं दिलें. यांतून आम्हांस घेण्याजोगें इतकेंच कीं, ज्यांचें पोट गुरांवर होतें त्यांनींच कुरणाची राखण हातीं घेतली, आणि तें काम त्यांनीं एकेकट्यानें न करितां मिळून केलें. दोन शेजारच्या गांवांनीं आळीपाळीनें एकमेकांचें गायरान राखलें, तर आपल्याकडेहि गवतपेढी होऊं शकेल.

आतां काय करावें

फार मोठ्या योजनेची वाट पाहूं नये. येत्या ग्रामसभेच्या आधीं तहसिलींतून निस्तारपत्रक, वाजिब-उल-अर्ज व गायरान-झुडपी जंगलाच्या गटांचे सातबारे व नकाशे यांच्या नकला आणाव्या, आणि त्या सभेंत मोठ्यानें वाचाव्या. गायगोधनाच्या दिवशीं ढोरें जमतात, तेव्हां त्यांची शिरगणती करावी व ती वहींत लिहावी. गायरानाचा चौथा भाग पुढील मृगापासून बंद ठेवण्याचा ठराव करावा, आणि त्याची राखण करणाऱ्या गायकीची मजुरी त्याच ठरावांत लिहावी. तलावाच्या पाळीवर ढोरांच्या पाण्याची खूण करावी. वनहक्काचा दावा झाला नसेल तर समितीस तो तयार करण्यास सांगावें. एवढ्या कामास पैसा फारसा लागत नाहीं.

ठरावास विरोध कोण करील, हेंहि आम्ही जाणतों. ज्याची बांधी गायरानांत गेली आहे तो करील, आणि तो बहुधा गांवांतील वजनदार मनुष्य असेल. कदाचित् या मासिकाचा वाचकहि असेल. त्यास आमचें इतकेंच सांगणें कीं, त्या बांधीचें धान त्याच्या घरीं येतें हें खरें. परंतु ती नांगरावयास लागणारे बैल ज्या गवतावर वाढावयाचे, तें गवत त्याच बांधीखालीं गेलें आहे.